चाल कुणाची

मध्यंतराचा पडदा पडला. ऑर्गनवरून हात काढून मी बोटं मोडत होते, तेवढ्यात बॅकस्टेजचा मुलगा विंगेत धावत आला. "ताई, पुढच्या रांगेतले एक काका बुकिंगच्या खिडकीशी भांडतायत. चाली चोरीच्या आहेत म्हणे, तिकिटाचे पैसे परत द्या."

शालिमारजवळच्या महाकवी कालिदास कलामंदिरातली ही रविवारची दुपार. नव्या संगीत नाटकाचा चौथा प्रयोग, नाशिकमधला पहिला. पत्रकावर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'संपूर्ण नवी संहिता, सर्व चाली स्वतंत्र'. त्यातलं 'सर्व' मला तालमीपासून टोचत होतं आणि मी ते कुणाजवळ बोलले नव्हते. म्हणून त्या दिवसाबद्दल लिहायचं तर नुसतं प्रेक्षकांबद्दल लिहून मला मोकळं होता येणार नाही.

एकवीस वर्षं मी नाटकांना ऑर्गनची साथ करते. साथीला बसणाऱ्याला नाटक कडेने दिसतं. नटाचा एक कान, मानेवरची शीर, श्वास घेताना उचलला जाणारा खांदा. गाणारा आता कुठे जाणार हे त्याच्या आधी क्षणभर आपल्याला कळावं लागतं, नाहीतर साथ मागे पडते. त्यामुळे चाल माझ्या लक्षात राहते ती कानात कमी आणि बोटांत जास्त.

हे नाटक आमच्या जुन्या नाशकातलं. भांडी बाजारातला एक म्हातारा तांबट, त्याच्या तीन मुली आणि १९६९ चा गोदावरीचा महापूर. बाप घर आणि दुकान दोघींच्या नावावर करतो. तिसरी गोड बोलत नाही, खरं बोलते, म्हणून तिला घराबाहेर काढतो. मग पुराच्या रात्री तो गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीच्या घाटावर, उभा राहून तिला हाका मारतो. आम्हा नाशिककरांना पूर किती आला हे फुटांत सांगावं लागत नाही. नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला, छातीला की गळ्याला पाणी, एवढं सांगितलं की सगळं गाव समजतं. नाटकात ही हाळी तीन वेळा येते आणि प्रत्येक वेळी प्रेक्षागृहात शांतता पसरते. संगीतकार तिशीच्या आतला मुलगा, ओझरचा. तांब्याच्या घागरीवरचे हातोडीचे ठोके त्याने तबल्याशी असे काही जुळवलेत की पहिल्या तालमीत माझ्या अंगावर काटा आला होता. हे मुद्दाम लिहिते. या पोराच्या अंगात संगीत आहे, याबद्दल माझ्या मनात तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही.

आता त्या तालमीबद्दल. दुसऱ्या अंकात घराबाहेर काढलेली मुलगी रात्री एका शेजारणीच्या ओसरीवर जात्यावर बसते आणि गाते. ते पद तो आम्हाला सांगत होता. दोन चरण सांगून झाले आणि तो पाणी प्यायला उठला. मी सहज पेटीवर ते दोन चरण फिरवून बघत होते. दुसरा चरण संपला आणि माझं बोट आपणहून पंचमावर, 'प'वर, जाऊन बसलं. तिसरा चरण त्याने अजून सांगितलाच नव्हता. तो परत आला, गायला, आणि तिसरा चरण पंचमावरच गेला.

माझी आजी दिंडोरीची. तिच्या घरी पहाटे जात्याचा आवाज यायचा आणि आम्ही पोरं गोधडीत असायचो. मी त्याला एवढंच विचारलं, "ही सुचली कशी रे?" तो म्हणाला, "झोपेतून उठलो आणि तोंडात होती, ताई." तो खोटं बोलत नव्हता. मी गप्प बसले. त्याचं पहिलंच नाटक, निर्माते खुशीत, तालीम रंगात आलेली. आपल्यालाच भास झाला असेल, असं मी स्वतःला समजावलं. ते माझं चुकलं.

तर मध्यंतर. काकांची समजूत कशीबशी काढून त्यांना आत बसवलं. त्यांचा आक्षेप या पदावर नव्हताच. पहिल्या अंकातलं भूप रागातलं पद एका जुन्या नाट्यपदावरून उचललंय, असं त्यांचं म्हणणं होतं. ते मी ऐकलं आणि मला जरा हायसं वाटलं, कारण त्याचं उत्तर माझ्याकडे होतं.

दुसरा अंक सुरू झाला. जात्याचा प्रवेश आला. आमचं जातं थर्मोकोलचं, वर रंग दिलेलं, लांबून हुबेहूब दगड वाटणारं. गाणाऱ्या मुलीने खुंटा धरला आणि पहिला चरण घेतला. दुसरा घेतला. आणि मागच्या रांगांतून कुणीतरी बाई गायला लागली. दबक्या आवाजात, पण सुरात. तिसऱ्या चरणाला ती आमच्या नायिकेच्या आधी पंचमावर पोचली होती.

नव्या नाटकातलं नवं पद, आणि प्रेक्षागृहातल्या बाईला ते पुढचं येतंय. माझे हात थंड पडले. वळून बघता येत नाही, सूर सोडता येत नाही. आमच्या नायिकेचा आवाज अर्धा क्षण हलला, पण पोरगी पक्की, तिने धरून ठेवलं. लोक माना वळवून मागे बघत होते. पद संपलं तेव्हा टाळ्या पडल्या, पण त्यांतही कुजबुज होती.

प्रयोग संपल्यावर निम्मे लोक घरी गेलेच नाहीत. नाट्यगृह रिकामं करून द्यायचं होतं, म्हणून सगळे बाहेर आवारात जमले. नाशिकच्या लोकांना ही सवय आहे. मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला ऐकून वाढलेलं हे गाव, वक्त्याला प्रश्न विचारल्याशिवाय त्याला जेवण जात नाही. आमचा ऑर्गन टेम्पोत चढवून दोरीने बांधला होता. मी हातपेटी काखेला मारून निघणार, तोच वाद पेटला.

आधी गोष्टीवरून. एका गृहस्थांनी सांगितलं की बाप, तीन मुली आणि वाटणी हे सरळ शेक्सपिअरचं 'किंग लिअर' आहे, मग 'संपूर्ण नवी संहिता' कसली? त्यावर एक मराठीच्या प्राध्यापिका बाई पुढे झाल्या. त्या म्हणाल्या, 'नटसम्राट'वर लिअरची सावली आहे हे आपल्याला माहीत आहे आणि तरी ते नाटक आपण आपलं मानतो, कुसुमाग्रज तर याच गावात राहिले. 'संशयकल्लोळ' देवलांनी मर्फीच्या इंग्रजी नाटकावरून घेतलं आणि मर्फीने ते मोलिएरवरून. "आणि ज्यांच्या नावाच्या नाट्यगृहाबाहेर आपण उभे आहोत त्या कालिदासाने शकुंतला महाभारतातून घेतली. किर्लोस्करांनी १८८० साली ती मराठीत गायला लावली आणि तिथून आपलं संगीत नाटक उभं राहिलं." त्यावर कुणी फार बोललं नाही. एक कॉलेजची मुलगी तेवढी म्हणाली, "पण मॅडम, त्यांनी 'संपूर्ण नवी' असं छापलं नव्हतं ना?" मला ते वाक्य लागलं.

मग चालींवरून. काका पुढे आले. सत्तरी ओलांडलेले, हातात छत्री, डोळ्यांत पाणी. रागाने नव्हे. ते म्हणाले, "मी पन्नास वर्षं संगीत नाटक बघतोय. नवं संगीत नाटक येतंय म्हणून सकाळी उठून रांगेत उभा राहिलो. आणि पहिलंच पद ऐकीव? लहानपणी आजोबांच्या मांडीवर ऐकलेलं?"

मी टेम्पोच्या फाळक्यावर पेटी ठेवली आणि भाता उघडला. त्यांना म्हटलं, "काका, तुम्ही सांगा तो तुकडा वाजवते." त्यांनी गुणगुणून दाखवला. ग रे सा ध, सा रे ग. मी वाजवला. मग भूपातल्या एका बंदिशीचा मुखडा वाजवला. मग दुसऱ्या बंदिशीचा, त्याहून जुन्या. मग आमचं पद. तो तुकडा सगळ्यांत होता. पाच स्वरांचा राग. मध्यम, निषाद नाहीत. त्यात उतरताना पाय ठेवायला जागाच त्या आहेत. माझ्या समजुतीप्रमाणे ते रागाचं चालणं आहे, कुणाच्या घरचं नाही. चाल वेगळी होते ती मुखडा कुठून उठतो, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, काय सापडतं आणि शब्द कुठे तुटतो यांवरून. ते तिन्ही मी त्यांना शेजारी शेजारी ठेवून दाखवलं. काका डोळे मिटून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "आणखी एकदा वाजवा." वाजवलं. "हं. सम वेगळी आहे," ते म्हणाले आणि छत्री या हातातून त्या हातात घेतली.

इथे मी पेटी मिटली असती तर दिवस चांगला गेला असता. गर्दी आमच्या बाजूची झाली होती. कुणीतरी म्हणालंसुद्धा, "बघा, उगाच नवीन पोरांना झोडपायचं." संगीतकार खांबाला टेकून उभा होता, त्याचा चेहरा उजळला होता.

पण मागून गाणारी बाई समोर येऊन उभी होती. नऊवारी, डोक्यावर पदर, साठीच्या आसपासची. सोबत जावई होता. "ताई," ती म्हणाली, "मी मदी गायले, चुकलं का माझं? तोंडातनं आपसूक आलं. आमच्या सिन्नरकडं ह्याच चालीवर दळत्यात."

कुणी बोललं नाही. मी त्यांना म्हटलं, "मावशी, म्हणा." त्यांनी इकडे तिकडे बघितलं, पदर सारखा केला आणि 'पहिली माझी ओवी' म्हणून सुरुवात केली. मी काळी दोन धरली, त्या जरा खाली होत्या, काळी एकवर आले. पहिला चरण षड्जापासून गंधारापर्यंत. दुसरा तसाच. तिसरा पंचमावर उडी. आणि शेवटचा तो अर्धा चरण. ओवी साडेतीन चरणांची असते हे आपण पुस्तकात वाचतो, पण तो अर्धा चरण सुरात कसा असतो ते त्या फाळक्यापाशी उभं राहून कळलं. तो षड्जावर, मूळ 'सा'वर, येतच नाही. रिषभावर, 'रे'वर, सोडून देतात. शिकलेला माणूस चाल बांधेल तर तिला घरी आणून बसवेल. इथे ती उंबऱ्यावरच राहते, कारण जातं थांबलेलं नाही, पुढची ओवी यायची आहे.

आणि आमचं पदही रिषभावरच संपतं. तालमीत आम्ही सगळ्यांनी त्या शेवटाचं कौतुक केलं होतं. काय धाडसी शेवट आहे, असं निर्माते म्हणाले होते.

मी आमचं पद वाजवलं नाही. गरज नव्हती. मी सगळ्यांसमोर सांगितलं की ही चाल मला तालमीतच ओळखू आली होती आणि मी बोलले नाही. बोलताना माझा आवाज कापत होता. मुलगा माझ्याकडे बघत राहिला. मग खाली बसला, तिथेच फरशीवर. म्हणाला, "माझं आजोळ सिन्नरचं. आजी दळायची. पण मला खरंच... ताई, मला वाटलं मला सुचली."

आता मात्र आवाज वाढले. एक वकील म्हणाले, यात काही गुन्हा नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, ओवीला रचनाकारच माहीत नाही, तर हक्क कुणाचा? एक तरुण तावातावाने म्हणाला, म्हणजे गरीब बायकांचं होतं म्हणून फुकट? काका म्हणाले, भास्करबुवा बखल्यांनी १९१६ साली 'स्वयंवर'च्या चाली बंदिशींवरून केल्या, गोविंदराव टेंब्यांनी १९११ साली 'मानापमान'ला ठुमऱ्या-दादऱ्यांच्या चाली घेतल्या, त्यांना कुणी चोर म्हटलं नाही. आता काका आमच्या बाजूने भांडत होते.

मला जुन्या नाटकांची पुस्तकं आठवली. माझ्या वडिलांच्या ट्रंकेत होती, पिवळी पडलेली, पानाला हात लावला की कोपरा तुटायचा. त्यांत पदाच्या डोक्यावर बारीक टायपात राग, ताल आणि पुढे 'चाल' म्हणून मूळ गाण्याचे शब्द छापलेले असत. ज्या लोकांनी आपली रंगभूमी उभी केली त्यांनी चाल कुठून आणली ते पुस्तकातच छापून टाकलं. लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलं नसावं. नटाला चाल लगेच कळावी, हा सोयीचा भाग होताच. पण वाचणाऱ्यालाही ती कळायची. मी हे बोलले. काकांनी मान हलवली, "होय, होय, असायचं तसं," आणि एका पदाच्या डोक्यावरची चाल त्यांनी तिथल्या तिथे म्हणून दाखवली.

मला त्या वेळी एवढंच वाटत होतं की बंदिशीला निदान घराण्याचं नाव मिळतं. ओवीला तेही नाही. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, तेव्हा त्या म्हणणाऱ्या बायकांची नावं आणि गावं लिहिली गेली. पण आमच्या घरच्यांची कुठे लिहिली आहेत? माझ्या आजीने किती म्हटल्या असतील. मला चार चरण धड येत नाहीत, बोटाला तेवढा पंचम आठवतो.

निर्मात्यांनी मावशींना विचारलं, तुमचं नाव पत्रकात घालू का? मावशी एकदम मागे सरकल्या. "नगं बाई. माझी कुठंय ती? आईची व्हती, तिला तिच्या सासूनं दिली. आमच्याकडची हाय म्हणा, झालं." मग त्या गाणाऱ्या मुलीकडे वळल्या. ती मेकअप अर्धा पुसून तिथेच उभी होती. "पोरी, गळा गोड हाय तुझा. पण शेवटी तू लांबवलंस ना, तिथं लांबवत न्हाईत. तिथं दम घ्यायचा असतो. हात खुंटा वढतो तवा तोंड बंद." त्यांनी हवेत हात फिरवून दाखवला. खुंटा अंगाकडे ओढताना ओठ मिटलेले, पलीकडे ढकलताना सूर. "आणि तुमचं जातं काही वाजंना. जातं वाजल्याबिगर ओवी कशी म्हणायची?"

संगीतकार उठला. तिच्याजवळ जाऊन म्हणाला, "मावशी, पुन्हा एकदा हात फिरवून दाखवाल?" सात वाजून गेले होते. आवारातला दिवा लागला होता. तो मोबाइलवर रेकॉर्ड करत होता आणि ती बाई हवेत दळत होती.

सगळे पटून घरी गेले असं नाही. तिकिटाचे पैसे मागणारे दोघे-तिघे शेवटपर्यंत होतेच. तो तावातावाने बोलणारा तरुण जाताना म्हणाला की पकडले गेलात म्हणून कबूल केलंत. त्याला उत्तर द्यावं असं काही माझ्याकडे नव्हतं.

पुढचा प्रयोग पंधरा दिवसांनी, सार्वजनिक वाचनालयाच्या परशुराम साईखेडकर नाट्यगृहात. पत्रकं जुनीच होती, निर्मात्यांनी पुन्हा छापायला नकार दिला. मी ऑर्गन लावायला लवकर गेले तर मुलगा मेकअपरूममध्ये जमिनीवर बसून, मांडीवर गठ्ठा घेऊन, एकेका पत्रकावर बॉलपेनने लिहीत होता. 'सर्व' खोडलेलं. आत दुसऱ्या अंकाच्या त्या पदापुढे, 'चाल: जात्यावरची ओवी, सिन्नर'. दोनशेतली सव्वाशे झाली होती. मी पेन काढलं आणि उरलेली घेतली.

विंगेत थर्मोकोलच्या जात्याच्या जागी दगडाचं जातं ठेवलेलं होतं. त्याच्या आजीचं. दोघांनी उचलून आणलं होतं आणि खुंटा हात लागून लागून तुळतुळीत झाला होता.

दुसरा अंक. पहिला चरण, दुसरा, तिसरा पंचमावर. मग तो अर्धा चरण, रिषभ. तिने तो धरून ठेवला नाही. ओठ मिटले. मीही हात उचलला, तबला थांबला, आणि त्या मोकळ्या जागेत जातं एक फेरा घरघरत फिरलं.